आवाजाची सोय

नव्या ग्रंथपालबाईंनी वाचनालयाचा ताबा घेतला त्या दिवशी त्यांच्या हातात बत्तीस किल्ल्यांचा जुडगा पडला, आणि त्यातल्या अकरा किल्ल्या कुठल्याच कुलपाला लागेनात. देवघेवीच्या टेबलावर तीस वर्षं बसलेले नाना म्हणाले, "आधीच्या साहेबांच्या घरच्या असतील. राहू द्या, जुडगा भरल्यासारखा दिसतो."

यावरून त्या वाचनालयाची कळा तुमच्या ध्यानात आली असेल. इमारत दुमजली, भर रस्त्यावर, शेजारी चष्म्याचं दुकान. खाली देवघेव आणि वर्तमानपत्रं, वर लांबलचक वाचनकक्ष. चौदा टेबलं, नऊ कपाटं, रस्त्याच्या बाजूला उंच खिडक्या आणि खिडक्यांत कबुतरं. वाचक दोन जातींचे: परीक्षेला बसलेले आणि वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेले. वरच्या मंडळींनी बाईंना सांगितलं होतं, वर्षभरात सुधारणा दाखवा, नाहीतर ही जागा जुन्या फायली ठेवायला देऊन टाकू.

बाई चव्वेचाळीस वर्षांच्या, सडसडीत, बोलायला तुटक. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास वर्गीकरणावर होता. जगात जे काही आहे त्याला एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाला एक फळी असते, अशी त्यांची श्रद्धा. घरी त्या आणि आई, दोघीच. घर दोन गल्ल्या सोडून. आई रोज दुपारी तीनला वाचनालयात यायची, खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची आणि सहाला लेकीबरोबर घरी जायची.

या आईचं वाचन म्हणजे एक प्रकरणच होतं. तिला शाळा माहीत नव्हती. लेक पहिलीत गेली तेव्हा लेकीच्याच पुस्तकावरून, स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून, ती वाचायला शिकली. त्यामुळे अक्षर तोंडातून गेल्याशिवाय तिच्या डोक्यात जात नसे. ओळीवर बोट ठेवून ती अर्ध्या आवाजात पुटपुटत वाचायची. जोडाक्षर आलं की थांबायची, घसा खाकरायची आणि अडलेल्या दाराला खांदा लावावा तशी त्याच्यावर जायची. आणि मध्येच अख्ख्या वाचनकक्षाला ऐकू जाईल असं विचारायची, "चिमे, 'अपरिहार्य' म्हणजे काय ग?"

चव्वेचाळीस वर्षांच्या ग्रंथपालबाईंना चारचौघांत 'चिमे' म्हणून घ्यावं लागायचं. "आई, हळू!"

"हळूच तर विचारते. तिथपर्यंत पोचायला नको?"

"जे टाळता येत नाही ते."

"मग तसं सरळ लिहायला काय झालं होतं मेल्याला?"

परीक्षावाले खाली मान घालून हसायचे. झोपलेले जागे व्हायचे. बाई कपाळावर हात मारून घ्यायच्या, पण खरं सांगायचं तर दुपारी तीन वाजले की त्यांचं लक्ष आपोआप जिन्याकडे जायचं.

तर, सुधारणा. बाईंनी भिंती रंगवल्या, फुटक्या काचा बदलल्या, वाळवीने वाचून संपवलेली पुस्तकं काढून टाकली. आणि जिन्याच्या वरच्या टोकाला एक पेटी लावली. लाकडी, कुलपाची, वर फट. शेजारी पाटी: 'वाचकांच्या सूचना. प्रत्येक सूचनेला सात दिवसांत उत्तर मिळेल. मान्य झालेली सूचना फक्त करणाऱ्यालाच मागे घेता येईल.'

नाना म्हणाले, "बाई, पेटी लावू नका. लोक तोंडाने बडबडतात तोवर बरं असतं. लिहायला लागले की संपलं."

पहिल्या आठवड्यात तीन चिठ्ठ्या आल्या. एकीत 'नानांना हसायला शिकवा' असं होतं. ती नानांनी स्वतःच्या टेबलावर, काचेखाली लावून ठेवली.

दुसऱ्या आठवड्यापासून ते अक्षर यायला लागलं.

बारीक, उभट अक्षर. शिरोरेषा पट्टीने ओढल्यासारखी. जांभळट शाई. खाली नाव नाही. पहिली सूचना: 'तिसऱ्या टेबलाचा भिंतीकडचा पाय आखूड आहे.' बाईंनी जाऊन पाहिलं, होता. दुसरी: 'कोपऱ्यातला पंखा फक्त बुधवारी खडखडतो.' हे बाईंना पटेना, पण बुधवारी त्या पंख्याखाली जाऊन उभ्या राहिल्या, तर खडखडत होता. तिसरी: 'नवव्या कपाटामागे ओल आहे.' आता हे नववं कपाट भिंतीला चिकटून, सागवानी, सहा माणसांनाही न हलणारं. ते रिकामं करून, सुतार बोलावून सरकवलं. मागे हातभर ओल, आणि तिच्यावर मऊसूत हिरवी बुरशी. कपाट तिथे बसवल्यापासून त्या भिंतीला माणसाचं तोंड दिसलं नव्हतं.

"कोणीतरी जुना गवंडी असेल," बाई म्हणाल्या. कुठल्याही गोष्टीला एक कारण असतं आणि बाईंकडे ते तयार असायचं.

प्रत्येक चिठ्ठीवर उत्तर लिहून हात दुखायला लागला, तेव्हा त्यांनी एक रबरी शिक्का करून घेतला: 'मान्य'. 'अमान्य'चा करायचा राहिला, कारण या हाताची एकही सूचना नाकारण्याजोगी नव्हती.

मग आली दाराची. 'वाचनकक्षाच्या दाराची कुरकुर बंद व्हावी.' बाईंनी मंगळवारी शिक्का मारला आणि सुताराला बुधवारचं सांगितलं. सुतार तेलाची बुधली घेऊन आला, दार पुढे केलं, मागे केलं. मग बिजागरीत डोळा घातला. गंज तसाच, बोटभर. त्याने दार धाडकन आपटलं. म्हणजे आपटताना दिसलं.

"बाई," तो म्हणाला, "आपटलं की वाजायला पाहिजे ना दार?"

"कुरकुर बंद झाली की नाही?"

"झाली."

"मग?"

"मग मी कशाला आलो?" असं म्हणून सुतार जो गेला तो पुढे त्या रस्त्याने जाताना समोरच्या पदपथावरून जायचा.

त्यानंतर भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक गेली. घड्याळ चालत होतं, वेळ बरोबर दाखवत होतं. मग खुर्च्या ओढण्याचा आवाज गेला. मग खिडकीतली कबुतरं. ती आपली पहिल्यासारखीच छाती फुगवून गोल गोल फिरायची, गळे हलवायची, आणि घुमण्याचा पत्ता नाही. बाईंनी लाकूड दमट हवेने फुगल्याचं कारण शोधलं, घड्याळ जुनं असल्याचं शोधलं, कबुतरांचं शोधायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं. वाचक खूश होते. येणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली होती.

वरच्या मंडळींची तपासणी शुक्रवारची ठरली. एकही सूचना उत्तरावाचून पडून राहता कामा नये, असं पत्रातच होतं. गुरुवारी दुपारी चारला बाईंनी पेटी उघडली तर आत त्रेचाळीस चिठ्ठ्या, सगळ्या त्याच अक्षरातल्या. बाईंचं पुस्तकांच्या सूचीचं काम अजून अर्ध्यावर होतं. वाचनकक्षाला लागूनच त्यांची खोली, दार उघडं. बाहेर आईचं पुटपुटणं चाललं होतं, मधूनच घसा खाकरत.

बाईंनी पहिल्या सहा चिठ्ठ्या वाचल्या. सातवी अर्धी वाचली. मग शिक्का उचलला आणि पोस्टातल्या माणसासारखा ठपाठप मारत, खाली सही ओढत सुटल्या. हात शिक्क्याकडे, डोळे सूचीकडे. मध्येच कधीतरी बाहेरचं पुटपुटणं थांबलं. बाई मनात म्हणाल्या, बरं झालं, डोळा लागला वाटतं.

सहाला दोघी घरी निघाल्या. आई काही बोलली नाही.

"रागावलीस?"

आईने मान हलवली. पुढचं वळण येईपर्यंत बाईंना काहीतरी खुपत राहिलं आणि मग लक्षात आलं. रस्त्यावर चपला दोघींच्या पडत होत्या. वाजत होत्या एकीच्याच.

घरी दिव्याखाली आईने तोंड उघडलं. ओठ हलले, जीभ हलली, गळ्याच्या शिरा ताणल्या. काहीही आलं नाही. तिने टाळी वाजवली. ती आली नाही. मग ती लेकीकडे बघून हसली, लहान मूल पडल्यावर आधी आईकडे बघून हसतं तसं, आणि मग तिचे डोळे भरून आले.

डॉक्टरांनी घशात दिवा घालून पाहिलं. "घसा उत्तम आहे. खोका बघू." आईचं सगळं अंग हललं. डॉक्टर बघत राहिले. मग त्यांनी छातीला नळी लावली, काढली, तिच्यावर टिचकी मारली. तीच नळी बाईंच्या छातीला लावली, मान डोलावली. पुन्हा आईच्या लावली.

"नळी बदलायला झालीय," ते म्हणाले, पण बाईंकडे न बघता.

शुक्रवारी तपासणी झाली. तपासनीस वाचनकक्षात पाय ठेवताच थबकले. "इतकं शांत वाचनालय मी अजून पाहिलं नाही," असं कुजबुजत म्हणाले आणि बाईंना भरभरून गुण देऊन गेले. जाताना सूचनांच्या फाइलची एक नक्कल मागितली, इतरांना दाखवायला.

आई त्या दिवशीही तीनला आली होती. पुस्तक उघडून बसली होती. बोट पहिल्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर होतं, आणि सहा वाजता तिथेच होतं. आवाजाशिवाय तिला वाचता येत नव्हतं. बाईंनी कागद पेन्सिल दिली, "लिही, आई, काय होतंय ते लिही." तर लिहिणंही तसंच. आजवर प्रत्येक अक्षर तिने हाताला तोंडाने सांगितलं होतं. पेन्सिल कागदावर टेकून राहिली. आईने मूठ तोंडावर धरली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

शनिवारी बाई नक्कल करायला बसल्या. एक एक चिठ्ठी वाचत, उतरवत. एकतिसावी चिठ्ठी:

'खिडकीजवळच्या बाईंचा आवाज बंद व्हावा.'

वर शिक्का. शिक्क्याखाली त्यांची स्वतःची सही, घाईतली, शेपटी लांब गेलेली.

बाईंनी ती चिठ्ठी लाल शाईने खोडली. मोठ्या अक्षरांत 'रद्द' लिहिलं. घरी धावत गेल्या. आई भांडी विसळत होती, आणि भांड्यांचा आवाज येत नव्हता.

नाना सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "तुमच्या लाल शाईने काय व्हायचंय? करणाऱ्यालाच मागे घेता येते. पाटीवर तुम्हीच लिहिलंय."

"कोण आहे तो, नाना?"

"इथल्या प्रत्येक सभासदाचा अर्ज माझ्यासमोर भरला गेलाय. तीस वर्षांतलं प्रत्येक अक्षर मी ओळखतो." नानांनी काचेखालच्या चिठ्ठीवर उगाच बोट फिरवलं. "हे त्यातलं नाही. आणि बाई, तुम्ही पाटीवर 'सभासदांच्या सूचना' लिहिलं असतं ना, तर बरं झालं असतं. तुम्ही लिहिलंत 'वाचकांच्या'."

सोमवारी वाचनालय बंद असतं. बाई दुपारी बाराला एकट्याच आल्या. पेटी उघडली, पालथी करून झटकली, हात घालून चारी कोपरे चाचपले. कुलूप लावलं. किल्ली मुठीत घेतली आणि पेटीसमोर खुर्ची टाकून बसल्या.

एक वाजला. घड्याळ वाजलं नाही.

कबुतरं खिडकीत फिरत होती. रस्ता बंद काचांपलीकडे होता. ऊन तिसऱ्या टेबलावरून चौथ्यावर गेलं.

बाईंनी पेटीवरून नजर काढली नाही. जिन्यावर कोणी आलं नाही. कोणी फटीजवळ हात नेला नाही.

इतक्या शांततेत एकच आवाज होता, त्यांच्या स्वतःच्या नाकातून आत जाणारा आणि बाहेर येणारा.

चार वाजता त्यांनी कुलूप काढलं.

आत एक चिठ्ठी होती. शाई ओली होती, बोटाला लागली.

'पेटीसमोरच्या बाईंच्या श्वासाचा आवाज येतो.'

बाईंनी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली. शिक्का टेबलाच्या खणातून काढून तोही पर्समध्ये टाकला. आणि जिना उतरल्या, श्वास धरून, शेवटच्या पायरीपर्यंत.

रात्रभर त्या विचार करत राहिल्या असतील, पण सुचलं ते सकाळी, चहा गाळताना. हा जो कोणी आहे तो स्वतःसाठी काही मागत नाही. कोणासाठी दयाही मागत नाही. तो फक्त वाचनालयात सुधारणा सुचवतो. आपण 'माझ्या आईचा आवाज परत द्या' म्हटलं, तर त्यात वाचनालयाचं काय? त्याला त्याच्याच भाषेत सांगायला हवं. आणि ही भाषा बाईंना चांगली येत होती, वीस वर्षं त्यांनी दुसरं काही लिहिलं नव्हतं. तीन कच्चे मसुदे करून चौथा पक्का केला:

'वाचनकक्षात वाचून दाखवणाऱ्या आवाजाची सोय नाही. ती व्हावी. खिडकीजवळच्या बाईंचा पूर्वीचा आवाज या कामी योग्य आहे.'

पुन्हा वाचलं. शब्द नेमके होते. मंगळवारी सकाळी उघडताक्षणी त्यांनी ती पेटीत टाकली.

दुपारी दोनला पेटी उघडली. त्यांचीच चिठ्ठी आत होती. तिच्यावर शिक्का होता: 'मान्य'. ठसा ठळक, ताजा. बाईंनी पर्समधला शिक्का काढून त्याच्यावर बोट फिरवलं. कोरडा ठक्क.

पण त्याचा विचार करायला सवड कोणाला होती? बाई धावत सुटल्या. दोन गल्ल्या पळत गेल्या, जिना दोन दोन पायऱ्यांनी चढल्या. आई नुकतीच पडून उठली होती, केस सारखे करत होती.

"आई, बोल! काहीतरी बोल!"

आईने तोंड उघडलं. ओठ हलले. 'चिमे' म्हणाली असावी.

काही नाही.

बाईंनी तिचे खांदे धरले. "पुन्हा! आई, पुन्हा बोल ना ग!" आईने पुन्हा बोलून पाहिलं, अगदी मान लांब करून. मग हळूच लेकीचे हात खांद्यांवरून सोडवले आणि हातात धरून ठेवले.

इतक्यात फोन वाजला. नाना होते.

"बाई, आई आज लवकर कशा आल्या? आणि मला न दिसता वर कशा गेल्या?"

"आई इथे आहे, नाना. माझ्यासमोर."

"मग वर वाचतंय कोण?" नाना म्हणाले.

दोघी गेल्या. नाना जिन्याच्या पायथ्याशी कठडा धरून उभे होते, वर यायला तयार नव्हते. जिन्याच्या मध्यावरच ऐकू यायला लागलं. पुटपुटणं. अर्धा आवाज, ओळीवरून चालत निघालेला. मग अडखळणं, घसा खाकरणं, आणि जोडाक्षरावर धडक.

वाचनकक्ष भरलेला होता. सगळ्यांच्या माना पुस्तकांत होत्या, आणि कोणी पान उलटत नव्हतं. खिडकीजवळच्या टेबलावर आईचं पुस्तक उघडं पडलं होतं. खुर्ची रिकामी होती. आवाज त्या खुर्चीतून येत होता, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून.

बाई दारातच थांबल्या. आई मात्र पुढे गेली. समोरच्या खुर्चीवर बसली, मान कलती केली, आणि बाईंनी पाहिलं, तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. पाच दिवस अडलेली गोष्ट पुढे चालली होती आणि ती ऐकत होती.

पान संपलं. आवाज थांबला. थांबून राहिला.

आईने बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं. आवाज पुढे वाचू लागला.

त्याला आता सात महिने झाले. बाईंनी पेटीत आणखी अकरा चिठ्ठ्या टाकल्या, वेगवेगळ्या शब्दांत. त्या तशाच, शिक्क्यावाचून परत मिळाल्या. त्या अक्षरातली चिठ्ठी पुन्हा आली नाही, जणू आता सुचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वाचनकक्षात दुपारी जागा मिळत नाही. डोळ्यांनी अधू झालेली माणसं येतात, परीक्षावाले येतात, कोणी कोणाला काही विचारत नाही. वरच्या मंडळींनी या सोयीबद्दल कौतुकाचं पत्र पाठवलं. बाईंनी ते फाइल केलं.

आई तीनला येते, पानं उलटते. बाई आपल्या खोलीत बसून तो आवाज ऐकतात. कधी कधी डोळे मिटतात, म्हणजे खुर्ची दिसत नाही. छापलेलं सोडून तो आवाज एक शब्द कधी बोलला नाही. 'चिमे' म्हणून हाक तर नाहीच. त्याची बाईंनी फार वाट पाहिली, मग सोडून दिली.

परवा सहा वाजले. वाचक उठून गेले. बाई दिवे मालवत खिडकीपर्यंत आल्या. "चल, आई. वेळ झाली."

आई उठली. चपला घातल्या, पिशवी खांद्याला लावली.

"थांब," रिकाम्या खुर्चीतला आवाज म्हणाला. "एवढं पान होऊ दे."

बाईंनी पुस्तकावर वाकून पाहिलं. त्या पानावर तसं काही छापलेलं नव्हतं.

त्यांनी आईचा हात धरला. आईने तो हळूच सोडवून घेतला, आणि मुकाट्याने परत खाली बसली.